रेषा वाळण्याचे दिवस

माघ संपत आला की आमच्या शहरातली हवा एकदम कोरडी होते. ओठ फुटतात. दोरीवरची ओढणी चहा उकळेपर्यंत वाळते. जालना रोडच्या कडेला कडुनिंबाची पिवळी पानं ढिगानं पडतात. बस गेली की थोडं तिच्यामागं पळतात आणि दमून बसतात. लोक म्हणतात, उन्हाळा लागला. माझ्या मनात दुसरंच वाक्य येतं: आता शाई वाळेल.

हे प्लॅस्टिकच्या लहान मॉडेलांवर पेननं काम केलेल्यालाच कळावं. कागद शाई पितो. प्लॅस्टिक पीत नाही. रेषा त्याच्यावर नुसती बसून राहते, परक्या घरी पाटावर बसल्यासारखी, अंग चोरून. हवा दमट असली तर ती दुपारभर ओलीच राहते आणि चुकून अंगठा लागला की गेली. म्हणून पावसाळ्यात आम्ही फक्त कापायचो, घासायचो, चिकटवायचो. डोळे, ओठ, सदऱ्याची शिवण, चपलेचा अंगठा, असं सगळं बारीक काम थंडी सरल्यावरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवायचं. शेतात जसा कापसाचा हंगाम, मोसंबीचा हंगाम, तसा तो आमचा रेषांचा हंगाम होता.

आम्ही म्हणजे मृणालताई आणि मी.

मी करमाडच्या पुढच्या एका खेड्यातली. शाळा करमाडला झाली. बी.एस्सी.साठी शहरात आले तेव्हा आमच्या घरातलं कुणीच कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. सिडकोत मुलींच्या वसतिगृहात राहायचे. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता आणि ते येण्याआधीच वसतिगृहाची टाकी खडखडीत व्हायची. समोरच्या बैठ्या घरात मृणालताई एकट्या राहत. बँकेत नोकरीला होत्या. त्यांच्याकडे बोअर होतं. फाटक उघडं टाकून त्या म्हणायच्या, भरा गं पोरींनो, फक्त मोटर बंद करायला विसरू नका. बादली घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या पडवीत शिरले तेव्हा टेबलावर वीतभर लांबीचं एक विमान होतं आणि ताई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्याच्या पंखावर पत्र्यांचे सांधे आखत होत्या. पेनचं टोक मला दिसतच नव्हतं. नुसती रेषा पुढं सरकत होती. माझी बादली भरून वाहायला लागली तरी मी तिथंच उभी.

"बघायचंय ना? मग उभी कशाला, बस," त्या म्हणाल्या. मी जमिनीवर बसले. त्यांनी पायानं एक खुर्ची माझ्याकडं सरकवली.

त्या खुर्चीवर मी पुढं तीन वर्षं बसले. ताईंचा भाऊ परदेशात गेला तेव्हा लहानपणापासून जमवलेल्या मॉडेलांची खोकी मागं ठेवून गेला होता. रणगाडे, ट्रक, विमानं, आणि अर्ध्या बोटाएवढे सैनिक; मॉडेलातल्या माणसांना ताई फिगर म्हणत. ताईंनी आधी भावाची आठवण म्हणून ती जोडायला घेतली आणि मग त्यातच रमल्या. मला त्यांनी सगळं शिकवलं. प्लॅस्टिक आधी बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, म्हणजे शाईला धरायला जागा मिळते. खाचेत शाई सोडायची आणि कडेची जादा शाई कान कोरायच्या ओल्या काडीनं टिपून घ्यायची. श्वास सोडताना रेषा ओढायची, घेताना नाही. शेवटी वार्निशचा हात द्यायचा, तोवर काहीच कायमचं नसतं. डोळा काढायचा नसतो, म्हणायच्या, डोळ्याची सावली काढायची. डोळा बघणारा आपला आपण बघतो.

आणि फक्त हेच नाही. माझ्या प्रोजेक्टचं इंग्रजी त्यांनी दुरुस्त केलं. टायफॉइड झाला तेव्हा मऊ भात त्यांच्या घरून आला. बँकेत कसं बोलायचं, फोनवर कुणाला आधी काय विचारायचं, हे मला त्यांच्याकडून आलं. आज मी चिकलठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, फळ्यावर अमिबा काढते तेव्हा हात थरथरत नाही, तो हात त्यांनी घडवलेला आहे. हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना ते विसरायला होईल अशी मला भीती वाटते.

खोक्यांत बायका नव्हत्या. मी एकदा ताईंना तसं म्हटलं तर त्या हसल्या. अगं, लढाईची खोकी आहेत ती. मग ड्रॉवर उपसून त्यांनी एक गुडघा टेकून बंदूक रोखलेला शिपाई माझ्यासमोर ठेवला. "हा तुझा. याचं काय करायचं ते कर."

मी त्याच्याकडं बघत राहिले. एक गुडघा जमिनीला, दुसरा छातीशी, मान पुढं झुकलेली, उजवा हात पुढं. ही बैठक मी जन्मापासून पाहिली होती. आमच्याकडं खुरपणीला बायका अशाच बसतात. प्रत्येकीनं आपली एक ओळ धरायची, तिला पात म्हणतात, आणि ती खुरपत पुढं सरकायचं. माझ्या मायची पात कायम पुढं असायची. इतर बायका निम्म्या वावरात असताना ही बांधावर जाऊन पाणी पिऊन परतलेली. कुणाची पात मागं पडली तर न सांगता तिच्या ओळीत बसून तिला गाठून द्यायची. आमची जमीन थोडी, त्यामुळं ती दुसऱ्यांच्या वावरातही जायची. पण जिच्या वावरात जाईल तिला वाटायचं, आज आपल्याकडं ही आली.

मी शिपायाची बंदूक कापली. शिरस्त्राण घासून घासून डोकं गोल केलं. पातळ कागद गोंदात भिजवून त्याचं लुगडं नेसवलं, पदर डोक्यावरून घेऊन खोचला. थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचं खुरपं केलं, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. गावाकडून मूठभर काळी माती आणली, ती चाळून एका फळीवर अंथरली, तिच्यावर पात आखली. इथवर सगळं जमलं. चेहऱ्यापाशी येऊन मी अडले.

मायच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. रोज पाहिलेलं. तरी पेन हातात घेतल्यावर मला सांगता येईना, कपाळावरचे ठिपके नाकाच्या सरळ रेषेत आहेत की एका बाजूला कललेले. मी घरी फोन लावला. माय आधी घाबरली, काय झालं म्हणून. कारण सांगितल्यावर हसत सुटली आणि तिनं शेजारच्या शांताकाकूला हाक मारली, कारण स्वतःचं कपाळ तिला कसं दिसणार.

शांताकाकू म्हणजे आमच्या आळीचा चालताबोलता लाउडस्पीकर. तिच्या कानावर गेलेली गोष्ट सांजेला पारावर पोचायची. तिनं मायची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली असावी, कारण मायचं "अगं, मान मोडशील" असं लांबून ऐकू आलं. मग काकू फोनवर आली. "वरचा ठिपका जरा डावीकडं हाय. खालचे दोन सरळ. हनुवटीवर एक, त्यो फाटल्यावानी झालाय. लिहून घेतलं का? तुझ्या मायच्या तोंडाकडं आजवर एवढं निरखून कुणी पाहिलं नव्हतं बाई. तुझ्या बापानं बी नाय."

काळी शाई चालेना. गोंदण काळं नसतं. ते हिरवट निळं असतं, कातडीच्या आतून दिसल्यासारखं. मी दौतीतली निळी आणि हिरवी शाई थेंब थेंब करून मिसळली, टाकाच्या सर्वांत बारीक निबेनं टोचली आणि श्वास सोडत तो वरचा, डावीकडं कललेला ठिपका ठेवला. मग बाकीचे. हनुवटीचा ठेवून झाल्यावर कितीतरी वेळ मी हलले नाही. ऊन पडवीत आलं होतं, कोरडं आणि पांढरं. ठिपके माझ्या डोळ्यांदेखत वाळले. आणि अर्ध्या बोटाएवढी माझी माय माझ्याकडं न बघता खुरपत होती. तिला कुठं वेळ होता.

ताईंनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सविता, हे मला जमलं नसतं," त्या म्हणाल्या. कोण आहे ही, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. मायचा फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून गोंदण पाहिलं, मग बाहुली पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी वसतिगृहात जाताना रस्ता ओलांडला की नाही, मला आठवत नाही.

शहरात मॉडेल करणाऱ्या हौशी लोकांचं एक लहानसं प्रदर्शन फाल्गुनात एका शाळेच्या सभागृहात भरत असे. ताईंचं त्या वर्षीचं मोठं काम म्हणजे शहरातला एक जुना दरवाजा: कमान, रिक्षा, फळांचे गाडे, कबुतरं. माझी फळी त्याच टेबलावर शेजारी मांडायची असं ठरलं होतं. 'खुरपणी, सविता' अशी चिठ्ठी ताईंनी स्वतः सुरेख अक्षरात लिहिली. माझी प्रॅक्टिकल परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली. ताई म्हणाल्या, "तू अभ्यास कर. मांडायचं मी बघते." मला भरून आलं होतं.

मी मायला फोन केला, तू येच. ती आढेवेढे घेत होती. मला काय कळतंय त्यातलं, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांत. तिच्यामागून काकू म्हणाली, चल गं, मूर्ती होऊन देवळात बसायच्या आधी शाळंत बसवलंय तुला, बघून तरी येऊ.

दोघी काळीपिवळी जीपनं आल्या. माय इरकली लुगडं नेसली होती, ते फक्त लग्नाकार्यात निघायचं. हातात हरभऱ्याच्या हिरव्या टहाळाची मोठी पिशवी, ताईंसाठी. माझ्या लेकीला आजारात भात घातला त्या बाईला रिकाम्या हातानं कसं भेटायचं. जाताना वाटेत मी दोघींना सांगत होते, लुगडं कशाचं केलं, खुरपं कशाचं केलं. काकू म्हणाली, खुरपं नीट केलं ना, नाहीतर तुझी माय तिथंच धार लावायला बसंल.

सभागृहात ताईंच्या टेबलाभोवती सर्वांत जास्त गर्दी होती. माझी फळी तिथं नव्हती. मला वाटलं, जागा कमी पडली असेल, दुसरीकडं असेल. मी इकडंतिकडं शोधत होते तोवर काकू वाकून दरवाजाचं मॉडेल बघू लागली. वाकलेली काकू सरळ झाली ती काही न बोलता. मी तिला त्याआधी कधी असं गप्प पाहिलं नव्हतं.

कमानीच्या पायाशी, सावलीत, माझी माय बसली होती. हातातलं खुरपं काढलेलं होतं. पुढं आलेला हात मनगटापाशी कापून उलटा चिकटवला होता, तळवा वर. लुगड्यावर शाईच्या बारीक तिरप्या रेषांनी फाटल्याच्या खुणा केल्या होत्या. ताईंचाच हात, एक रेषा वावगी नाही. समोर एक वाटी. कपाळावर वरचा ठिपका डावीकडं कललेला. वर वार्निश.

मी बोट पुढं केलं होतं. थुंकी लावून पुसून टाकावं असं काहीतरी मनात होतं. बोट फिरवलं तरी वार्निशखालचे ठिपके जागचे हलले नाहीत.

मायनं पाहिलं. ती खूप वेळ वाकून पाहत राहिली. शेजारचे एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणत होते, बघ, त्या भिकारणीचा चेहरा बघ, जिवंत आहे. मायनं त्यांच्याकडं वळून पाहिलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, इतका की कपाळ झाकलं गेलं.

तेवढ्यात ताई आल्या. चेहरा उजळलेला. त्यांनी मायला ओळखलं, फोटो पाहिलेला होता. हात जोडले. क्षणभर त्यांची नजर मायच्या हनुवटीवर गेली आणि मी पाहिलं, त्यांना कळलं. त्या माझ्याकडं वळल्या. "अगं, तुला सांगायचंच होतं. फळीवर ती मागच्या कोपऱ्यात गेली असती, कुणी थांबलं नसतं. इतका सुंदर चेहरा वाया गेला असता. इथं बघ, प्रत्येक माणूस थांबतोय." मग जरा हळू आवाजात, समजावल्यासारखं: "फिगर आहे गं ती, सविता."

परक्या कुणी केलं असतं तर मी टेबल उलथलं असतं. पण माझ्या पोटात त्यांच्या घरचा भात होता, हातात त्यांनी दिलेली रेषा होती. ज्या तोंडानं जाब विचारायचा तेही त्यांनीच बोलकं केलं होतं. त्यांनी तो हात कापला असेल तेव्हा एकदा तरी त्यांना माझी आठवण आली असेल, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. आली असेल तर जास्त वाईट.

माय पुढं झाली. पिशवीचे बंद सोडवून तिनं ती ताईंच्या पुढं धरली. "आमच्या वावरातला हाय. ताजा हाय, आजच उपटलाय. लेकरावर लई केलं तुम्ही." ताईंना दोन्ही हात पुढं करावे लागले. पिशवी जड होती.

काळीपिवळी भरायला वेळ लागतो. सिटं मिळेपर्यंत आम्ही तिघी उन्हात उभ्या होतो. काकू पान लावत होती, दुसरीकडं बघत. मी रडायला लागले तेव्हा माय म्हणाली, "रडू नको. तिनं तुला खाऊ घातलं, म्या काय बोलणार होते तिला?" आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडं बघत: "मागणारी बाई वाईट नसती, सवे. तिच्यावर येळ आलेली असती. पर माझ्यावर नाय आली. म्या येऊ दिली नाय."

त्या दरवाजाचा फोटो पुढं फोनाफोनांतून फिरला. गावात कुणाकडं ना कुणाकडं आला असेलच. मायचं गोंदण ओळखणारी माणसं गावात कमी नाहीत. तरी आमच्या घरी कुणी कधी काही बोललं नाही. शांताकाकूनं त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, आम्ही विमानं पाहिली, लई विमानं होती. माझ्या बारशाला काय घडलं तेही आजतागायत पारावर सांगणारी ही बाई. माझ्या मॉडेलमधल्या मायची लाज तिनं राखली आणि हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, की राखणारं माणूस कुठून येईल ते आधी कळत नाही.

मी ताईंकडं जाणं सोडलं. भांडले नाही, नुसती गेले नाही. परीक्षा, मग निकाल, मग बी.एड., मग नोकरी. कारणं पुरेशी होती. पेढे द्यायला गेले, उभ्या उभ्या आले. ती खुर्ची जागेवर होती. काचेच्या कपाटात दरवाजा होता, पश्चिमेच्या खिडकीशेजारी. मी तिकडं पाहिलं नाही.

आता माय बरेच दिवस माझ्याकडं असते. गुडघे गेले, तशी बैठक तिला जमत नाही. आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पाच कुंड्या आहेत, त्यांत ती स्टुलावर बसून खुरपते. चिकलठाण्यावरून विमान खाली आलं की हात थांबवून वर बघते आणि पुन्हा लागते. तिचं गोंदण सुरकुत्यांत शिरलं आहे. मला वाटतं, विसरलीही असेल ती सगळं. मग एखाद्या दिवशी अनोळखी घरी जाताना लिफ्टमध्ये ती पदर ओढून कपाळ झाकून घेते. ही सवय तिला पूर्वी नव्हती.

गेल्या आठवड्यात ताईंचा मेसेज आला. त्या आता निवृत्त झाल्या. दरवाजा एका शाळेला द्यायचा म्हणतात, येत्या पावसाळ्याच्या आधी. 'पण एक अडचण आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'खिडकीच्या उन्हानं त्या बाईच्या चेहऱ्यावरची शाई उडत चालली आहे. माझ्या काळ्या रेषा सगळ्या शाबूत आहेत, पण तुझं गोंदण फिकं झालंय. वरचा ठिपका तर भिंगातूनच दिसतो. ते काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. हवा कोरडी आहे, एका दुपारचं काम. येतेस का?' खाली लिहिलं होतं, तुझी फार आठवण येते.

ते खोटं नसणार. मी मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. दौतीतली शाई वार्निशखालीही उन्हात विरते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं; मी फक्त रंगाकडं पाहिलं होतं. टाक माझ्याकडं अजून आहे. हात अजून आहे. आणि खरं सांगते, ती पडवी, ते पांढरं ऊन, शेजारी बसून श्वास सोडत ओढलेल्या रेषा, या सगळ्यासाठी मन असं ओढलं गेलं की मी उठून टाक शोधायला लागले होते.

बाल्कनीत माय कुंडीतली माती मोकळी करत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि घामाखाली तो डावीकडं कललेला ठिपका, जुना, हिरवट, जागच्या जागी.

आणखी एकदोन उन्हाळे. मग दरवाजाखाली कुणी एक बाई बसलेली राहील, वेळ आलेली. माझी माय तिथून उठून गेलेली असेल.

मी ताईंना उत्तर लिहिलं. ताई, नमस्कार. मला जमणार नाही. एवढंच करा, शाळेला द्यायची घाई करू नका, कपाट आहे तिथंच राहू द्या, आणि दुपारी पडदा ओढू नका.